कचऱ्याच्या गाडीत हिंसा टाकून देता येत नाही



आज थोडं कडक लिहिणार आहे. राग आला तर येऊ दे, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही पाच-सहा जणी पालेभाज्या, टोमॅटो, दुधी आणि पूजेपुरती फुलं लावतो. घरातल्या ओल्या कचऱ्याचं खत तिथेच पिंपात करतो. आता प्रस्ताव आला आहे की ही पिंपं काढून टाकावीत, आणि गच्चीवर व खालच्या बागेत दर महिन्याला कीटकनाशकाची फवारणी करून घ्यावी. प्रस्तावाचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते आपल्याच काही जैन घरांनी त्याला दिलेल्या पाठिंब्याचं, आणि सांगितलेल्या कारणाचं. "खतात जीव पडतात हो. ते पाप कशाला? कचरा गाडीत दिलेला बरा."

म्हणजे अहिंसेचं नाव घेऊन खत बंद करायचं, आणि त्याच ठरावात विषासाठी हात वर करायचा!

मी बी.कॉम. झालेली बाई. जमाखर्चाचा पहिला धडा असा की एका खात्यातून गेलेली रक्कम दुसऱ्या कुठल्या तरी खात्यावर दिसलीच पाहिजे. ती हवेत विरत नाही. कचऱ्याचंही तेच. भाजीची देठं आणि फळांच्या साली काळ्या पिशवीत बांधून दिल्या म्हणजे त्या संपल्या का? बंद पिशवीत हवा नाही, त्यामुळे त्या तिथेच सडतात. मग डेपोच्या डोंगरावर जातात. तिथेही हवा पोचत नाही म्हणून मिथेन तयार होतो. मुंबईत देवनारला 1927 पासून कचरा पडतो आहे. जानेवारी 2016 मध्ये तिथे आग लागली तेव्हा धूर कितीतरी दूरच्या घरांत शिरला. आमच्या पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी सोसला. त्या ढिगात जीव पडत नाहीत का? पडतातच. फक्त ते आपल्या डोळ्यांसमोर पडत नाहीत.

आणि आपल्या धर्मात "मला दिसलं नाही" अशी सूट आहे कुठे? कृत, कारित आणि अनुमोदित, हे तिन्ही आपण लहानपणी पाठशाळेत शिकलो. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि केलेल्याला मान्यता दिलेली, तिन्हींची नोंद होते. कचरा गाडीत टाकणारी बाई पाप टाळत नाही. ती ते फुरसुंगीच्या खात्यावर नावे टाकते आणि आपली वही कोरी दाखवते. दुकानात असं केलं तर त्याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

आता फवारणीकडे येऊ. गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. चूल पेटवताना, झाडताना, शेत कसताना होते ती गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही. तिथे यत्न सांगितला आहे. पण मारायचं ठरवून मारणं ही संकल्पी हिंसा, आणि श्रावकाने सोडायची ती हीच. खताच्या पिंपात आपण कोणाला मारायला बसत नाही. फवारणीचा मात्र दुसरा उद्देशच नाही. त्यातही दर महिन्याला, म्हणजे कीड असो वा नसो! ज्या परंपरेने पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य, म्हणजे विषाचा व्यापारही निषिद्ध ठरवला, तिच्या लेकींनी विषाचं वार्षिक कंत्राट द्यायचं?

शिवाय फवारणी आपण करणार नाही. पंप पाठीवर घेऊन कुणातरी गरिबाचा मुलगा येणार, बहुतेक वेळा मास्कशिवाय. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कुंडी आणि कापसाचं शेत यांत फरक आहे, कबूल. पण विष श्वासातून आत जातं ते माणूस बघून जात नाही.

"मग डेंगीच्या डासांचं काय?" हा प्रश्न येणारच. तो डास खतात अंडी घालत नाही, तो साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंडीखालच्या बशीत, एसीच्या पाण्याच्या डब्यात, झाकण नसलेल्या टाकीत. तिथे पाणी साचूच दिलं नाही तर डास जन्मत नाही आणि मारावाही लागत नाही. याला खर्च शून्य.

खतात हिंसा मुळीच नाही, असं मी म्हणणार नाही. म्हणूनच ते यत्नाने करायचं. एक वाटी ओला कचरा असेल तर त्यावर दोन वाट्या सुका पाचोळा. पिंपाला चहूबाजूंनी भोकं, तळाला काड्यांचा थर, वरून जाळीचं झाकण. माती पिळलेल्या फडक्याइतकीच ओलसर ठेवायची. वास आला किंवा अळ्या दिसल्या तर समजायचं की पाणी जास्त झालं, लगेच सुका पाचोळा वाढवायचा. शिजलेलं अन्न घालायचंच नाही. ताट धुऊन प्यायचा संस्कार असलेल्या घरात ते उरूही नये. गांडुळं विकत आणून कोंडायची काही गरज नाही. दोन-तीन महिन्यांत त्यांच्याशिवायही काळं, मातीच्या वासाचं खत होतं. पावसाळ्यात जीवोत्पत्ती जास्त, म्हणून चातुर्मासात आम्ही पिंप आडोशाला ठेवतो आणि ढवळणं कमीत कमी करतो.

झाडांचंही असंच. मावा पडला की आधी पाण्याच्या धारेने पानं धुवायची आणि वाट बघायची. ढालकिडे स्वतःहून येतात, मावा हेच त्यांचं अन्न. फवारा मारला की मावा मरतो आणि ढालकिडाही मरतो. मावा भराभर वाढून परत येतो, ढालकिडा लवकर येत नाही. मग पुन्हा फवारा. कंत्राटदाराचा धंदा चालतो तो असा. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, तिचं पुढे फुलपाखरू होतं. चार पानं तिला दिली तर आपल्या फोडणीचं काही अडत नाही.

आणि पिशवीवर "सेंद्रिय" लिहिलं आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. हाडांचा चुरा सेंद्रियच असतो आणि कुंडीसाठी सर्रास विकला जातो. आपल्या घरात तो चालेल का? तंबाखूचा काढाही नैसर्गिकच, पण त्यातलं निकोटिन जहरच आहे. कडुनिंबाच्या अर्कानेही कीड मरते, उगाच त्याला प्रसाद समजू नये. पिशवी उलटी करून घटक वाचा. नसतील छापले तर घेऊ नका. घरच्या पिंपातल्या खतात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं, कारण ते आपल्याच विळीखालून गेलेलं असतं.

भगवान ऋषभदेवांनी शिकवलेल्या षट्कर्मांत कृषी आहे. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे जैन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी. मातीत हात घातला म्हणून त्यांचा धर्म बुडाला नाही. मातीपासून दूर सहाव्या मजल्यावर राहायला आलो म्हणून आपला आपोआप वाढलाही नाही.

तुमच्या सोसायटीत असा ठराव आला तर गप्प बसू नका. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा करणं प्रत्येक घराला बंधनकारक केलं, आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा हीच त्यांची दिशा होती, हे सभेत सांगा. फवारणीचा खर्च किती, कोणतं औषध, किती दिवस मुलांनी तिथे खेळायचं नाही, हे लेखी मागा. विरोध इतिवृत्तात नोंदवायला लावा. आमची सभा येत्या रविवारी आहे. मी एकटी असले तरी हात खालीच ठेवणार आहे. अनुमोदना न देणं एवढं तरी आपल्या हातात नक्की आहे.