स्पर्धा कोणती, प्रमाणपत्र कोणाचे?

भोपाळ, हैदराबाद, दिल्ली, बंगळूर अशा शहरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. मुलगी जिम्नॅस्टिक्स करते, 'राष्ट्रीय' स्पर्धेत तिला पदक मिळाले आहे, पुढे त्याचा उपयोग होईल काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु 'राष्ट्रीय' हा शब्द आपल्याकडे अनेक जण वापरतात आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा असतो. क्रीडाक्षेत्राचा अर्थ एक, प्रशासनाचा दुसरा आणि फलक छापणाऱ्या आयोजकाचा तिसरा. या गोंधळाची किंमत मात्र आठ-दहा वर्षांची मुले आपल्या मनगटांनी आणि टाचांनी चुकवीत असतात.

प्रथम खेळाची बाजू पाहू. आर्टिस्टिक प्रकारात मुलांसाठी सहा साधने असतात : फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार आणि हॉरिझाँटल बार. मुलींसाठी व्हॉल्ट, अनइव्हन बार, बीम आणि फ्लोअर अशी चार. रिदमिक, ट्रॅम्पोलिन, ॲक्रोबॅटिक व एरोबिक हे वेगळे प्रकार असून त्यांच्या स्पर्धाही स्वतंत्र असतात. मोठ्या आर्टिस्टिक स्पर्धेत एकाच छताखाली अनेक स्पर्धा चालतात. पात्रता फेरी, सांघिक विजेतेपद, सर्व साधनांवरील गुणांच्या बेरजेने ठरणारे ऑल-राउंड विजेतेपद आणि शेवटी प्रत्येक साधनाची अंतिम फेरी. जागतिक स्पर्धांत वैयक्तिक अंतिम फेरीसाठी एका देशाचे दोनच खेळाडू घेतले जातात. त्यामुळे चांगले गुण मिळवूनही तिसरा खेळाडू बाहेर राहू शकतो. ऑल-राउंडमध्ये मागे असलेली मुलगी बीमवर सुवर्णपदक जिंकू शकते. म्हणून 'सुवर्ण' असे ऐकल्यावर ते कशातील, हे विचारणे रास्त ठरते.

वयाच्या बाबतीतही हेच आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार ज्या वर्षी मुलगी 16 वर्षांची होते, त्या वर्षापासून ती वरिष्ठ गटात खेळू शकते. पहिली कनिष्ठ जागतिक स्पर्धा हंगेरीतील ग्यॉर येथे 2019 मध्ये झाली. तीत 14 व 15 वर्षांच्या मुली आणि 15 ते 17 वर्षांचे मुलगे पात्र होते. आपल्या शालेय स्पर्धांचे गट मात्र 14, 17 आणि 19 वर्षांखालील. पंधरा वर्षांची एकच मुलगी एका दालनात 'कनिष्ठ', तर दुसऱ्यात '17 वर्षांखालील' ठरते. पालक गोंधळले, तर त्यात त्यांचा दोष कोणता?

भारतात या वयोगटाच्या स्पर्धांचे चार मार्ग दिसतात. पहिला राष्ट्रीय महासंघाचा : जिल्हा, राज्य आणि मग सब-ज्युनियर, ज्युनियर व सीनियर राष्ट्रीय स्पर्धा. दुसरा शालेय. 1954 मध्ये स्थापन झालेल्या स्कूल गेम्स फेडरेशनच्या स्पर्धांत राज्यांबरोबरच केंद्रीय विद्यालय संघटना, नवोदय विद्यालये व सीबीएसई यांचेही स्वतंत्र संघ उतरतात. बदलीच्या नोकरीतील पालकांनी हे लक्षात ठेवावे. केंद्रीय विद्यालयातील मुलाची बदलीमुळे केवळ शाळा बदलते, संघटना तीच राहते. राज्य मंडळाच्या शाळेतील मुलाचे मात्र राज्यच बदलते. तिसरा मार्ग खेलो इंडियाचा. 2018 मध्ये दिल्लीत 17 वर्षांखालील शालेय स्पर्धा म्हणून त्याचा प्रारंभ झाला आणि 2019 मध्ये पुण्यात 21 वर्षांखालील गट जोडला जाऊन त्याचे 'युथ गेम्स' झाले. तेथे निवड होऊनच जावे लागते. चौथा मार्ग खासगी अकादमी व मंडळांच्या निमंत्रित स्पर्धांचा. शुल्क भरले की प्रवेश मिळतो आणि फलकावर 'अखिल भारतीय' किंवा 'आंतरराष्ट्रीय' असे शब्द झळकत असतात.

आता प्रशासनाची बाजू. केंद्र सरकारच्या सेवांत गुणवंत खेळाडूंची नियुक्ती करण्याची तरतूद 1980 पासून आहे. कार्मिक विभागाच्या 3 ऑक्टोबर 2013 च्या एकत्रित आदेशाने प्राधान्यक्रम असा लावला : आधी देशाचे प्रतिनिधित्व केलेले, नंतर मान्यताप्राप्त महासंघाच्या वरिष्ठ वा कनिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या तिघांत आलेले, मग आंतरविद्यापीठ आणि त्यानंतर राष्ट्रीय शालेय स्पर्धांतील पदकविजेते. पदक न मिळवता केवळ राज्याचे वा विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेले अगदी शेवटी. कोणते प्रमाणपत्र कोणाच्या सहीने ग्राह्य धरावे, याचेही नमुने ठरलेले आहेत. मार्च 2024 मध्ये खेलो इंडियाच्या पदकविजेत्यांनाही पात्रता मिळाली. निमंत्रित स्पर्धेला मात्र या क्रमात कोठेही स्थान नाही. पालकांना ही गोष्ट सहसा दहा-बारा पदके जमल्यावर समजते.

शासनालाही या खेळाची ओळख पुरेशी आहे, असे म्हणवत नाही. 2013 च्या यादीत जिम्नॅस्टिक्सची नोंद 'शरीरसौष्ठवासह' अशी होती! बीमवर तोल सांभाळणारी बारा वर्षांची मुलगी आणि पिळदार दंड दाखवणारा प्रौढ पुरुष एकाच ओळीत. त्यातच 2010 नंतरच्या दशकात महासंघातील गटबाजीमुळे क्रीडा मंत्रालयाची मान्यता बराच काळ नव्हती. महासंघाच्या प्रमाणपत्राचे मोल त्या मान्यतेवर अवलंबून असते. त्या वर्षांत घाम गाळलेल्या मुलांचा या भांडणाशी कोणता संबंध होता?

माझ्या मते मूळ प्रश्न याहून खोल आहे. नोकरी, प्रवेश आणि वाढीव गुण प्रमाणपत्राला जोडले की स्पर्धेचा हेतू बदलतो. मूल काय शिकले, हे पाहण्याचे साधन असलेली स्पर्धा कागद मिळविण्याचे साधन होते. मग दर महिन्याला एक स्पर्धा, अर्धवट आलेल्या कसरती आणि दुखत्या मनगटावर पट्टी बांधून व्हॉल्ट! वाढत्या वयात हाडांची टोके अद्याप कोवळी असतात. त्यांवरील वारंवार आघातांचे परिणाम पुढे भोगावे लागतात. अमेरिकेत बालगटांची रचना एक ते दहा स्तरांची आहे. खालच्या स्तरांवर सर्वांना एकच ठरीव कसरत करावी लागते आणि कौशल्य साधल्यावरच वरची पायरी खुली होते. आपल्याकडे मात्र पायरी मुख्यतः जन्मतारखेवर ठरते.

आगरतळ्याच्या दीपा कर्माकर यांनी 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टवर 15.066 गुणांसह चौथा क्रमांक मिळविला. कांस्यपदक अवघ्या 0.150 गुणांनी हुकले. महानगरांपासून दूर असलेल्या एका लहान राज्यात, बिश्वेश्वर नंदी यांच्यासारख्या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली वर्षानुवर्षे झालेल्या साधनेचे ते फळ होते. प्रमाणपत्रांची चळत जमवून तेथवर पोहोचता येत नाही.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक प्रमाणपत्रावर तीन गोष्टी छापणे बंधनकारक करावे : आयोजकाची मान्यता, वयोगट आणि त्या प्रकारात उतरलेल्या स्पर्धकांची संख्या. तिघांतील तिसरे येणे आणि साठांतील तिसरे येणे यांतील अंतर कागदावर दिसले पाहिजे. महासंघांनी डिजिलॉकरद्वारे प्रमाणपत्रे द्यावीत, असे मंत्रालयाने 2024 मध्ये जाहीर केले. त्याच व्यवस्थेत ही भर सहज घालता येईल. मान्यताप्राप्त स्पर्धांचे वार्षिक वेळापत्रक प्रत्येक जिल्हा क्रीडा कार्यालयात, स्थानिक भाषेत लावावे. आणि बारा वर्षांखालील कोणत्याही स्पर्धेला शासकीय लाभ जोडू नये. त्या वयातील स्पर्धा शिकण्यासाठीच राहू द्यावी.

निमंत्रित स्पर्धा वाईटच असतात, असे मुळीच नाही. परक्या गावात, अनोळखी पंचांसमोर उभे राहण्याचा सराव तेथे मिळतो आणि तो मोलाचा असतो. तो सराव आहे, हे ठाऊक असले म्हणजे झाले. शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी एवढेच विचारावे : ही स्पर्धा कोणाची, येथून पुढची निवड कोठे होते आणि माझ्या मुलाची कसरत खरोखर तयार आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्या दोहोंची उत्तरे कितीही आकर्षक असली तरी त्या रविवारी घरी राहावे.