कार्बनची चाकं घेताय? वॉरंटीचा कागद आधी वाचा

घरात सायकलवेडं कुणी असेल, तर हा हट्ट आज ना उद्या कानावर येणारच: "आता कार्बनची चाकं घ्यायची." भारतात बरी जोडी साधारण ₹५०,०००च्या आसपास सुरू होते आणि नामांकित कंपन्यांची दोन-अडीच लाखांवरही जाते. एवढ्यात सेकंडहँड स्कूटर येते, हे आई-वडिलांचं म्हणणं खोटं नाही. उंच कडांची हलकी रिम सपाट रस्त्यावर वारा छान कापते, हे चालवणाऱ्याचंही खरं आहे. त्या वादात मी पडत नाही. पण पैसे द्यायचं ठरलंच असेल, तर चाक किती ग्रॅमनं हलकं आणि रिम किती मिलिमीटर उंच, हे नंतर बघा. आधी वॉरंटीचा कागद वाचा. आपल्या रस्त्यांवर दोन चाकांमधला खरा फरक बहुतेक वेळा त्या कागदातच असतो.

याचं कारण कार्बनच्या स्वभावात आहे. अॅल्युमिनियमची रिम खड्ड्यात आपटली की बहुधा वाकते. मेकॅनिक आउट काढून देतो, फारच वाईट असेल तर हजार-दोन हजारांत नवी रिम बसते. कार्बनची रिम म्हणजे कार्बनच्या धाग्यांचे थर, रेझिनमध्ये भिजवून साच्यात घट्ट केलेले. ती वाकून राहत नाही. सोसेल तेवढं सोसते आणि मग तडकते, किंवा आतले थर एकमेकांपासून सुटतात. कधी तडा केसाएवढा असतो, कधी बाहेरून दिसतच नाही. नाक्यावरच्या दुकानात यावर इलाज नाही. रिम बदलायची.

आता दुकानदार ज्याला सरसकट "वॉरंटी" म्हणतो, त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, कारखान्यातल्या दोषाची वॉरंटी: साच्यात राहिलेली पोकळी, स्पोकच्या भोकापाशी आपोआप गेलेला तडा, असं काही. ही सगळेच देतात, बहुधा २ ते ५ वर्षं. दुसरी, चालवताना आपटून झालेल्या नुकसानीचं संरक्षण. इथे तुम्ही खड्ड्यात गेलात, चूक कुणाचीच नाही किंवा तुमचीच आहे, तरी कंपनी रिम बदलून देते. तिसरी म्हणजे "क्रॅश रिप्लेसमेंट". हिला वॉरंटी म्हणणंच चूक आहे, ती पुढच्या खरेदीवरची सवलत आहे. चाक फुटलं की नवं चाक अमुक टक्के कमी दरात, एवढाच तिचा अर्थ.

आपल्याकडे चाकं मरतात ती कशानं? पावसाळ्यात पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यानं, रात्री रंग न दिलेल्या गतिरोधकानं, पुलाच्या लोखंडी जोडावर आलेल्या फटीनं. कारखान्याच्या दोषानं क्वचित. म्हणजे सगळे जी वॉरंटी देतात, ती आपल्या उपयोगाची सर्वांत कमी. आणि जी उपयोगाची, ती मोजक्याच कंपन्या देतात. सांताक्रूझ कंपनीनं २०१७ मध्ये रिझर्व्ह ही चाकं आणताना पहिल्या मालकाला आयुष्यभराची हमी दिली, तीही चालवताना झालेल्या नुकसानीसह. ट्रेकच्या बाँट्रॅगर कार्बन चाकांवर पहिल्या मालकासाठी पहिली २ वर्षं असं नुकसान झाल्यास मोफत दुरुस्ती किंवा बदली, अशी योजना आली. कंपन्या या अटी अधूनमधून बदलतात, म्हणून खरेदीच्या दिवशी जो मजकूर संकेतस्थळावर असेल त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

"लाइफटाइम" या शब्दावर फार भाळू नका. कुणाचं आयुष्य? तुमचं नव्हे. बहुतेक कागदांत ते पहिल्या मालकाकडे चाक असेपर्यंतचं असतं, काहींत चाकाचं "वाजवी आयुष्य" असतं आणि ते किती, हे कंपनीच ठरवते. मॉडेल बंद झालं असेल तर जवळचं दुसरं मिळेल, असंही खाली बारीक अक्षरांत असतं. मग पुढचं चाक एका रूपाचं, मागचं दुसऱ्या. चालायला काही बिघडत नाही, पण दोन लाख दिलेल्या माणसाला ते रोज दिसतं.

"सायकल चालवताना" हे शब्दही नीट वाचा. बेंगळुरूहून गोव्याला स्लीपर बसच्या डिकीतून सायकल नेली आणि कुणाची तरी ट्रंक चाकावर आली, तर ते चालवताना झालेलं नुकसान नाही. गाडीच्या मागच्या रॅकवर लावलेलं चाक सायलेन्सरच्या गरम धुराजवळ आलं, तेही नाही. आणि हवेचा दाब! हल्लीच्या बऱ्याच कार्बन रिमना टायर अडकवायचा आतला ओठ नसतो, कडा सरळ असते. अशा रिमवर ट्यूबलेस टायरच लागतो आणि हवा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयपेक्षा जास्त भरायची नसते. आपल्यापैकी अनेकांचा हात जुन्या सवयीनं १०० पीएसआयवर जातो. टायर निसटून पडलात तर दावा राहू द्या, हाड मोडेल. टायरची किमान रुंदी आणि स्वार, सायकल, सामान मिळून कमाल वजन, हेही त्याच कागदात असतं. वजनाचा आकडा लाजून सोडून देऊ नका.

पैशांचा हिशोब उदाहरणानं करू. आकडे कल्पित आहेत, तुमच्या दुकानातले घालून बघा. एक जोडी ₹६०,०००ची, तिच्यावर फक्त क्रॅश रिप्लेसमेंट: मागचं चाक ₹३२,०००चं, ३० टक्के सूट, म्हणजे ₹२२,४००, वर पाठवणी-मजुरी ₹५,०००. दुसरी जोडी ₹१,००,०००ची, आपटून फुटलं तरी मोफत बदली, पाठवणी-मजुरी ₹२,०००. चार-पाच वर्षांत एकदा चाक फुटलं, तर पहिलीचा एकूण खर्च ₹८७,४००, दुसरीचा ₹१,०२,०००. स्वस्त जोडीच परवडली. दोनदा फुटलं, तर पहिली ₹१,१४,८०० आणि दुसरी ₹१,०४,०००. पारडं फिरलं. म्हणजे तुम्ही कुठे चालवता यावर सगळं आहे. हैदराबादच्या रिंग रोडलगतच्या सायकल ट्रॅकवर फेऱ्या मारणाऱ्यानं महाग संरक्षण विकत घ्यायची गरज नाही. ३००-४०० किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये रात्रीच्या अंधारात अनोळखी राज्य महामार्गावर जाणाऱ्यानं मात्र घ्यावं. आणि ज्याला एकदाही चाक फुटलं तर घरखर्चाला हात लावावा लागेल, त्यानं चांगली अॅल्युमिनियमची चाकं घ्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. हे पैशापुरतं नाही. दाव्याची आशा नसलेला माणूस तडा गेलेली रिम "अजून चालतेय" म्हणत चालवत राहतो, आणि ती उतारावर ५० किलोमीटरच्या वेगात सुटते.

परदेशातल्या नातेवाइकांकडून चाकं मागवायचा मोह सगळ्यांना होतो. न्यू जर्सीच्या मावशीनं तिकडे सेलमध्ये घेतली आणि दिवाळीला बॅगेत आणली, तर कंपनीच्या लेखी पहिली मालक मावशी. पावती तिच्या नावाची, दावा बहुतेक वेळा तिकडच्याच विक्रेत्याकडे. फुटलेलं चाक पाठवायचं भाडं तुमचं, बदली आलेल्या चाकावर सीमाशुल्क लागलं तर तेही तुमचं. भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडे तेच चाक १५-२० टक्के महाग दिसत असेल, तर तो फरक मी पावतीची किंमत समजेन. मात्र त्या विक्रेत्याला एकच प्रश्न लेखी विचारा, व्हॉट्सअॅपवर चालेल: "आपटून तडा गेला तर चाक कुठे पाठवायचं, भाडं कुणाचं आणि किती दिवस लागतात?" उत्तर गोलमोल आलं, तर वॉरंटी शून्य धरून भाव करा.

भारतीय विक्रेत्याची पावती हाती असेल, तर कायदाही बाजूला उभा राहतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कोलकात्यात राहून मुंबईच्या दुकानातून चाक घेतलं, तरी कोलकात्यातच. ₹५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, मुदत २ वर्षांची. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन करून बघावा, पुष्कळदा तेवढ्यावर विक्रेता बोलू लागतो. पण कागदात जे संरक्षण दिलेलंच नाही, ते आयोगही देऊ शकत नाही.

चाकं घरी आली की त्याच दिवशी रिमवरच्या आणि हबवरच्या क्रमांकाचे फोटो काढा. स्टिकर धुण्यापुसण्यात निघून जातात. कंपनीकडे नोंदणीला मुदत असते, ती चुकवू नका. मोठा दणका बसला की थांबा, चाक फिरवून बघा, कडेवरून नख फिरवा, स्पोकच्या भोकांभोवती फुगवटा आहे का ते पाहा. ट्यूबलेसमधून अचानक हवा जायला लागली, तर टायरला दोष देण्याआधी रिम तपासा. शंका आली तर चाक काढून ठेवा, जागच्या जागी फोटो घ्या आणि मगच विक्रेत्याला कळवा.

सायकल ग्रुपवर "फक्त ५०० किलोमीटर चाललेली" चाकं निम्म्या किमतीत दिसतात, तीही घ्यायला हरकत नाही. वॉरंटी बहुधा पहिल्या मालकापाशीच संपलेली असते, एवढं धरून किंमत सांगा आणि टायर काढून आतून रिम दाखवायला सांगा. विकणारा टायर काढायला तयार नसेल, तर चहा पिऊन परत या.