जें घडलें नाहीं त्याचा सत्कार

वसईहून दिव्याकडे जाणाऱ्या आगगाडीनें खारबावच्या स्थानकावर उतरलें, म्हणजे जवळ भातखाचरें, लांब कामणच्या बाजूचे डोंगर आणि भिवंडीच्या दिशेस अलीकडे उभारलेल्या मालगुदामांचीं लांबच लांब छपरें असा देखावा दृष्टीस पडतो. ह्या गांवीं माझें आजोळ. मध्यंतरीं तिकडे गेलों असतां एका लहानशा सत्कारसमारंभास बसण्याचा योग आला. मांडव, ध्वनिक्षेपक, शाली, नारळ आणि पाहुण्यांस यावयास झालेला तासाभराचा उशीर, सर्व कांहीं यथास्थित होतें. गांवासाठीं झटणाऱ्या चार माणसांचा तो सत्कार होता. एकानें पुराच्या पाण्यांतून माणसें बाहेर काढलीं होतीं. एका बाईंनीं बायकांचा बचतगट उभा केला होता. एक गृहस्थ रक्तदानाचीं शिबिरें भरवीत. आणि एका शिक्षकांनीं सुटीच्या दिवसांत मुलांस विनावेतन शिकविलें होतें. चौघांचाहि मान रास्त होता, ह्यांत शंका नाहीं.

मानपत्रांचें वाचन चाललें असतां माझ्याशेजारीं बसलेल्या एका वृद्ध बाईंनीं मजकडे वळून विचारलें, "अहो दादा, हे एवढे मोठे, एवढे थोर म्हणतात, पण ह्या माणसानं नक्की केलं काय, ते कोणी सांगेल का?" मी हंसलों; पण घरीं येतांना तो प्रश्न कांहीं मनांतून जाईना. आपण सत्कार करतों म्हणजे नेमकें काय करतों, आणि कोणत्या कामाचा सत्कार आपल्याकडून सहसा होतच नाहीं, ह्याविषयीं चार शब्द ह्या वेळीं वाचकांपुढें ठेवावेसे वाटतात.

लोकसेवेचा मान करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. भिवंडी तालुक्यांतीलच अंजूर येथील गंगाजी नाईक ह्यांनीं १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेंत मराठी फौजेस केलेलें साहाय्य ह्या प्रांताच्या इतिहासांत नमूद आहे. त्या काळीं मान वरून खालीं येत असे. दरबारांतून वस्त्रें मिळत, इनामें मिळत, आणि पालखीचा मान मिळाला तर तो पिढ्यान्‌पिढ्या घराण्याच्या नांवाशीं जडून राही. स्वातंत्र्यानंतर १९५४ सालीं पद्म पुरस्कार सुरू झाले, आणि आतां तर कोणाहि नागरिकास त्यांकरितां योग्य माणसाचें नांव सुचवितां येतें. मान देण्याचा अधिकार असा हळूहळू शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातीं आला, ही इष्ट गोष्ट झाली. पण अधिकाराबरोबर विवेकहि आपणांसच करणें प्राप्त झालें.

कांहीं कामें अशीं असतात कीं त्यांचें फळ उशिरा कां होईना, पण डोळ्यांनीं दिसतें. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें व पुढें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. कोसबाड तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें. २०१४ पासून तें पालघर जिल्ह्यांत मोडतें. आदिवासी मुलें शाळेंत येत नाहींत असें पाहतांच ह्या बायांनीं शाळाच त्यांच्या पाड्यावरच्या अंगणांत नेली, आणि आज सर्व देशाच्या तोंडीं असलेला 'अंगणवाडी' हा शब्द त्या खटपटींतून रूढ झाला. ताराबाईंस १९६२ सालीं पद्मभूषण व अनुताईंस १९८५ सालीं पद्मश्री मिळाली. बोर्डीच्या आरंभापासून मोजलें तर अनुताईंच्या मानास चाळीस वर्षें लागलीं. तरी दाखवावयास तेथें कांहीं होतें. मूल अंघोळ करून येऊं लागलें, गाणें म्हणूं लागलें, अक्षर गिरवूं लागलें, हें कोणासहि पाहतां येत होतें.

परंतु ज्या कामाची सिद्धि झाल्याची खूण हीच कीं कांहींहि घडलें नाहीं, त्याचें काय? अशा कामाचें उदाहरण खारबावच्या अगदीं शेजारीं आहे.

भिवंडी हें यंत्रमागांचें शहर. सूत एकाचें, माग दुसऱ्याचा, मजुरी तिसऱ्याची आणि माल विकणारा चौथा. हिंदु व मुसलमान ह्या दोघांचे हात लागल्यावांचून तेथील कापडाचा व्यापार चालावयाचा नाहीं. असें असूनहि ७ मे १९७० रोजीं शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळीं तेथें भयंकर दंगल पेटली. तिची झळ जळगांव व महाड येथवर पोंचली आणि चौकशीसाठीं न्यायमूर्ति मादन ह्यांचा आयोग नेमावा लागला. १९८४ च्या मे महिन्यांत पुन्हां तोच अनर्थ ओढवला. त्या वेळीं भिवंडी, ठाणें व मुंबई मिळून दोनशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं.

मी तेव्हां उन्हाळ्याच्या सुटीकरितां आजोळीं होतों. माझे मामा भिवंडींत एका सुताच्या पेढीवर कारकून होते. ते तिसऱ्या दिवशीं पायीं चालत घरीं आले, हातपाय धुऊन पाटावर बसले, आणि पहिलाच घास हातांत घेऊन किती तरी वेळ तसेच बसून राहिले. त्यांनीं काय पाहिलें हें त्यांनीं कधींहि सांगितलें नाहीं. आजीनें विचारलेंहि नाहीं. तिनें नुसतें ताटांतलें वरण गरम करून आणलें.

१९८८ सालीं सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीस आले. दंगल पेटल्यावर ती विझविण्यापेक्षां ती पेटूंच नये म्हणून काय करतां येईल, असा प्रश्न त्यांनीं पुढें ठेवला. शहराच्या निरनिराळ्या भागांत त्यांनीं सुमारें सत्तर मोहल्ला समित्या स्थापन केल्या. प्रत्येक समितींत दोन्ही समाजांचे लोक सारख्या प्रमाणांत घेतले. त्या त्या भागाचा पोलीस शिपाई समितीशीं जोडून दिला. आणि सणासुदीची किंवा संकटाची वाट न पाहतां ह्या मंडळींनीं नित्य एकत्र बसावें असा नियम घातला. बैठकींत कांहीं तत्त्वज्ञानाची चर्चा चालत नसे. शेजाऱ्या-शेजाऱ्यांतले रोजचे लहानसहान तंटे तेथें निघत व मिटत. पण आठ दिवसांपूर्वीं ज्याच्याशीं बसून चहा घेतला त्याच्याविषयीं कोणी वाईट बातमी आणली, तर मनुष्य आधीं त्याच्याकडे जाऊन खरेंखोटें करतो. अफवेस पाय फुटण्याच्या आधींच ती अडविण्याची युक्ति ती हीच.

ह्या समित्यांची कसोटी लवकरच लागली. ६ डिसेंबर १९९२ रोजीं अयोध्येची बाबरी मशीद पाडण्यांत आली, आणि त्या महिन्यांत व पुढच्या जानेवारींत मुंबई शहर पेटलें. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणें मुंबईंत नऊशें माणसें मृत्यु पावलीं. पूर्वींच्या अनुभवावरून भिवंडींत ह्याहूनहि अधिक भयंकर प्रकार होईल असें कोणासहि वाटलें असतें. पण भिवंडींत दंगल झाली नाहीं. मुंबई कां जळाली व भिवंडी कां नाहीं, ह्याच प्रश्नावर खोपडे ह्यांनीं पुढें पुस्तक लिहिलें. आशुतोष वार्ष्णेय ह्या अभ्यासकांनींहि २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत भिवंडीचा विचार केला आहे. त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ असा कीं, जेथें भिन्न समाजांचीं माणसें एकाच मंडळांत, एकाच धंद्यांत, एकाच कामांत जोडलेलीं असतात, तेथें ठिणगी पडली तरी तिचा वणवा होणें कठीण जातें.

त्या डिसेंबरांत एके संध्याकाळीं मामांस घरीं यावयास उशीर झाला. आजी ओटीवर येरझारा घालीत होती. ते आले, आणि भात गार झाला म्हणून मामीवर थोडेसे रागावले. बस, एवढेंच घडलें. त्या दिवसाची आमच्या घरांत कोणासहि विशेष आठवण नाहीं. १९८४ चा तो तिसरा दिवस मात्र आम्ही कोणी विसरूं शकलों नाहीं. वाचकहो, ज्याच्या योगानें एखादी संध्याकाळ विसरण्यासारखी झाली, त्या माणसास शाल कोणत्या तारखेस पांघरावयाची?

येथें एक आक्षेप येईल. खरी सेवा निष्काम असते, मग तिला सत्काराची जरूर काय? निष्काम राहणें हा सेवा करणाऱ्याचा धर्म झाला. ज्यांस तिचा लाभ झाला त्यांचा धर्म कृतज्ञतेचा आहे. पहिल्याच्या निःस्पृहतेची सबब सांगून दुसऱ्यानें आपलें ऋण बुडवूं नये.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. भिवंडीच्या पाठोपाठ मुंबईंतहि अशा समित्या निघाल्या. १९९४ मध्यें पोलीस आयुक्त सतीश साहनी, जूलियो रिबेरो, सुशोभा बर्वे आदि मंडळींच्या पुढाकारानें तेथें मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. तिच्याकडून पुष्कळ चांगलें काम झालें. तथापि कांहीं अभ्यासकांनीं असेंहि दाखवून दिलें कीं, समितीचें सदस्यत्व म्हणजे पोलीस ठाण्यांत वजन मिळविण्याचें साधन असें समजून गल्लींतले कांहीं दांडगे लोकहि तींत शिरले. मान जेथें मिळतो तेथें मानाचे भुकेले जमावयाचेच. म्हणून मान देऊंच नये हा त्यावर उपाय नव्हे. तो पारखून द्यावा हाच उपाय आहे.

पारख कशी करावी? १५ ऑगस्ट २००७ रोजीं महाराष्ट्र सरकारनें महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम सुरू केली, तिच्यांत एक गोष्ट चांगली होती. गांवांतले तंटे गांवच्या समितीनें सामोपचारानें मिटवावे आणि जें गांव त्यांत यशस्वी होईल त्यास लोकसंख्येच्या मानानें बक्षीस द्यावें, अशी ती योजना. बक्षीस एका पुढाऱ्यास न मिळतां सबंध गांवास मिळे. पण तिच्यांतहि अडचण तीच राहते. मिटलेले तंटे वहींत लिहितां येतात. एका समंजस म्हाताऱ्याच्या शब्दामुळें जे उद्भवलेच नाहींत, ते कोणत्या रकान्यांत लिहावयाचे?

माझ्या अल्पमतीप्रमाणें तीन गोष्टी पाळल्या तर पुष्कळ साधेल. मानपत्रांत विशेषणें थोडीं असावीं व कृत्यें स्पष्ट असावींत. कोणत्या रात्रीं, कोणत्या वाटेवर, कोणासाठीं ह्या माणसानें काय केलें, हें सांगितलें म्हणजे मांडवांतल्या त्या बाईंच्या प्रश्नास उत्तर मिळेल आणि ऐकणाऱ्या मुलांसहि तसें वागणें शक्य आहे असें वाटेल; 'थोर' म्हटल्यानें मुलें नुसत्या टाळ्या वाजवितात. दुसरें, जें काम दोघांनीं मिळून केलें त्याचा मान एकट्यास देऊं नये. शांतता राखण्याचें काम तर एका बाजूस कधींच होत नाहीं. तेथें दोन पाट शेजारीं शेजारीं मांडले पाहिजेत. आणि तिसरें, शाल दूरच्या पाहुण्याच्या हातून न देतां, ज्याचें घर किंवा ज्याचें मूल त्या माणसामुळें सुरक्षित राहिलें, त्या शेजाऱ्याच्या हातून द्यावी. पाहुणा तासभर उशिरा येतो. शेजारी वेळेवर येईल.

आणि मांडव घालण्याची ऐपत नसेल तेथेंहि हें ऋण फेडण्याचा मार्ग आहे. १९९२ नंतर माझे मामा भिवंडीच्या त्या पेढीवर पुष्कळ वर्षें होते. पुढें सेवानिवृत्त होऊन खारबावींच राहिले. तरी दर वर्षीं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत एके दिवशीं ते धुतलेला सदरा घालून, काठी घेऊन भिवंडीस जात. पेढीच्या गल्लींत राहणारे दोन गृहस्थ त्या वेळच्या समितींत होते, एक शिंपी व एक मागवाले, एक हिंदु व एक मुसलमान. त्यांच्याकडे बसून, चहा घेऊन, इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलून मामा संध्याकाळच्या गाडीनें परत येत. त्या दोघांस ह्या भेटीचें कारण कधीं सांगितलें का, असें मीं एकदां विचारलें. मामा म्हणाले, "सांगायचें काय त्यांत? व्याज देऊन येतों. मुद्दल कांहीं माझ्या हातून फिटण्यासारखें नाहीं."