भीड कोणाची धरावी?

गेल्या डिसेंबरमध्ये शनिवारी दवाखाना लवकर बंद करून आम्ही सहकुटुंब देवासहून इंदूरला माझ्या वर्गमित्राकडे गेलो. रात्री सराफ्यात जाणे ओघाने आलेच. दिवसा सोन्याचांदीची उलाढाल चालणाऱ्या त्या गल्लीत दुकाने मिटल्यावर गराडू, भुट्ट्याचा कीस यांचा दरवळ सुटतो. मुले हरखून गेली. राजवाड्यापासूनच्या त्या थोडक्या अंतरात मित्र मात्र दोनदा थांबला. छातीवरून हात फिरवीत म्हणाला, "ॲसिडिटी रे!" थांबताच बरे वाटे, चालू लागताच पुन्हा तेच. एखाद्या रुग्णाने हे सांगितले असते, तर आम्हा दोघांपैकी कोणीही त्याला तत्काळ हृदयतज्ज्ञाकडे धाडले असते. मी मात्र पाहुणेपणाच्या भिडेने रात्रभर गप्प राहिलो, याची मला आजही लाज वाटते.

सकाळी पोहे-जिलबी खाताना वहिनींसमोरच विषय काढला. मित्र रागावला, पण सोमवारी तपासणीस गेला. दोन रोहिण्यांत अडथळे निघाले.

स्वतःला तपासून घेण्यात आपण व्यवसायबंधू रुग्णांहून हट्टी आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे. नमुन्याच्या गोळ्यांवर वर्षे काढणारे आपल्यात थोडे नाहीत. घरच्यांची नजर सरावलेली असते. मंदावलेली चाल दिसते ती वर्षाकाठी येणाऱ्या मित्राला. त्याने तरी गप्प बसू नये.

येत्या महिन्यात आम्ही पुन्हा इंदूरला जाणार आहोत. येताना माझ्या मधुमेहाचे कागद आणावेत, अशी मित्राची अट आहे.