ताडीतलं यीस्ट उपाशी राहतं तेव्हा

हिवाळ्यात सुरतेत नीरा प्यायची तर सकाळी लवकर उठावं लागतं. ऊन चढलं की ती आंबते, आणि आंबली की तिची ताडी होते. मडक्याला आतून चुना लावतात तो हे आंबणं लांबवायला. चुना नसला, तर झाडाच्या सालीवरचं, माश्यांच्या पायांवरून आलेलं यीस्ट काही तासांत साखरेवर तुटून पडतं. याच ताडीवर सुरतेत एके काळी पावाचं पीठ आंबवत. डचांच्या भट्टीवर काम करणारे पारशी आणि ती भट्टी पुढे चालवणारे दोटीवाला यांची हकीकत इथे आजही सांगतात. आता दारूबंदीच्या राज्यात बेकरीत ताडी नाही, पाकिटातलं यीस्ट आहे. माझी तक्रार त्या पाकिटाबद्दल आहे, पण आधी यीस्टची बाजू समजून घेऊ.

साखर आणि नत्र मुबलक असेपर्यंत यीस्टची पेशी कळी काढते आणि एकीच्या दोन होतात. साखर संपली, नत्रही संपलं आणि ॲसिटेटसारखं काहीतरी बेताचंच उरलं, की ती वाट बदलते. १६ गुणसूत्रांचे दोन संच असलेली पेशी ते पत्त्यांसारखे पिसते, अर्धे करते आणि एका पिशवीत चार बीजाणू बांधते. हेच अर्धगुणसूत्री विभाजन. आपल्या अंडपेशी आणि शुक्रपेशी याच रीतीने घडतात. पिसण्याआधी डीएनए कापणारं स्पो-११ हे प्रथिनही यीस्टमध्ये आणि आपल्यात एकाच घराण्यातलं आहे.

पण नुसती उपासमार पुरत नाही. सगळा निर्णय आयएमई-१ नावाच्या एका जनुकापाशी येतो. त्याच्या आधीचा नियंत्रणाचा पट्टा दोन हजारांहून जास्त अक्षरांचा आहे. यीस्टसारख्या आटोपशीर जीवात एवढा लांब पट्टा क्वचितच दिसतो. ग्लुकोज आहे का, नत्र आहे का, पेशीत गुणसूत्रांचे संच दोन आहेत की एकच, या साऱ्या बातम्या त्या पट्ट्यावर पोचतात. एकच संच असलेली पेशी या वाटेला गेली तर मरेल, म्हणून तिच्यात आरएमई-१ हे प्रथिन पहारा करतं. ते कसं, हे २०१२ मध्ये उलगडलं, आणि मला या विषयातला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. आरएमई-१ एक आरएनए लिहायला लावतं. त्या आरएनएपासून कुठलंही प्रथिन बनत नाही. त्याचं लिखाण आयएमई-१ च्या पट्ट्यावरून सतत चालू राहतं, आणि त्या वर्दळीत जनुक सुरू करणाऱ्या प्रथिनांना तिथे बसताच येत नाही.

पहारा नसेल आणि उपासही खरा असेल, तर आयएमई-१ पुढची जनुकं जागी करतं. तरीही माघारीची वाट उघडी असते: अन्न मिळालं तर पेशी पुन्हा कळ्या काढू लागते. एनडीटी-८० हे जनुक पूर्ण जोराने चालू झालं, की मात्र समोर साखर ओतली तरी ती वळत नाही.

सगळी यीस्टं हा निर्णय सारख्या तयारीने घेत नाहीत. अमेरिकेत बराक कोहेन यांच्या गटाने ओकच्या सालीवरचं यीस्ट आणि वाइनचं यीस्ट शेजारी ठेवून पाहिलं. ओकवरच्या जवळजवळ सगळ्या पेशी बीजाणू करत, वाइनमधल्या फारच थोड्या. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं की या फरकाचा मोठा भाग तीन नियंत्रक जनुकांतल्या अवघ्या चार जागांवर आहे. त्यांतली दोन जनुकं म्हणजे हीच, आयएमई-१ आणि आरएमई-१.

पाकिटातलं यीस्ट मी एकदा पोटॅशियम ॲसिटेटच्या पाण्यात पाच दिवस उपाशी ठेवलं. मॅलाकाइट ग्रीनने बीजाणू हिरवे रंगतात, बाकीच्या पेशी सॅफ्रानिनने लाल. काच सरकवत राहिलो. लाल, लाल, लालच. बऱ्याच वेळाने एक हिरवी चौकडी दिसली, डब्यात चार लाडू दाटीने बसावेत तशी. बेकरीचं यीस्ट पिढ्यान् पिढ्या पाव फुगवण्यासाठी निवडलेलं. त्यातल्या अनेक वाणांत गुणसूत्रांचे संच तीन-चार किंवा विषम असतात, आणि चांगले बीजाणू करणं त्यांना जमत नाही.

ताड आणि शिंदीवरच्या यीस्टचं तसं नसावं. त्याचा गोडवा रोज संपतो. बीजाणू माशीच्या पोटातून साध्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त संख्येने जिवंत बाहेर पडतात, म्हणून मडक्याभोवती घोंगावणाऱ्या माश्या म्हणजे त्यांची दुसऱ्या झाडापर्यंतची सोयच. असं यीस्ट कारखान्यात घडवता येत नाही, आणि झाड तुटलं की त्याचं घर जातं.

म्हणून वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठातल्या आणि इथल्या महाविद्यालयांतल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विनंती आहे. यंदा नीरेच्या हंगामात परवानगी घेऊन झाडाच्या कापापासून आणि मडक्याच्या तळापासून नमुने घ्या, त्यांना उपाशी ठेवून चौकड्या मोजा, आणि एकेक वाण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीव संग्रहाकडे जतनासाठी पाठवा.