गुणांची नोंद आणि गुणांची जोपासना

शाळेने विद्यार्थ्यांच्या अंगी कोणते गुण बाणवावेत, याविषयी आपल्यात फारसा मतभेद नाही. श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, सौजन्य, संवेदनशीलता, स्त्री-पुरुष समानता ही नावे शाळाशाळांच्या भिंतींवर ठळक अक्षरांत रंगवलेली असतात आणि महाराष्ट्रातील मूल्यशिक्षणाच्या योजनेतही त्यांचा समावेश आहे. वाद आहे तो हे गुण उपजतात कशाने, याविषयीचा. आणि त्या बाबतीत जी दोन मते आज प्रचलित आहेत, ती दोन्ही मला अग्राह्य वाटतात.

पहिले मत असे की, शील हे घराचे देणे असून शाळेने आपले विषय चोख शिकवावेत व तेवढ्यावर थांबावे. नानाविध श्रद्धांच्या समाजात शिक्षकाने स्वतःची नीती मुलांवर लादू नये, ही या मतामागील भीती रास्त आहे. परंतु शाळेला तटस्थ राहताच येत नाही. तासाला उशिरा येणारा शिक्षक, चुकलेल्या उत्तरावर हसणारा वर्ग, आणि वर्ग झाडण्याचे काम मुलींकडे व सामान हलविण्याचे मुलांकडे सोपविणारी रूढी, ही सारी न बोलता शिकवीतच असतात. शिवाय घर आपल्या माणसांवर माया करावयास शिकवील. पण जो आपल्या जातीचा नाही, आपल्या गल्लीतला नाही, त्याच्याशी न्यायाने वागण्याचा पहिला प्रसंग बहुतेक मुलांवर शाळेतच येतो. हे क्षेत्र शाळेने सोडले, तर ते बहुधा ओसच राहील.

दुसरे मत याच्या उलट टोकाचे आहे. गुण हाही एक विषय मानावा, परिपाठात त्याचे विवेचन करावे, आणि वर्षअखेर प्रत्येक मुलाच्या नावापुढे वर्णनात्मक नोंद करावी, असे हे मत सांगते. शिक्षकाचे लक्ष गुणपत्रिकेपलीकडच्या मुलाकडे जावे, हा त्यामागील हेतू स्तुत्य आहे. व्यवहारात मात्र पन्नास-साठ मुलांचे रकाने भरताना ‘इतरांना मदत करते’, ‘मित्रांशी मिळूनमिसळून वागतो’ अशी तयार वाक्ये एका नावापुढून दुसऱ्या नावापुढे उतरविली जातात. आणि आईबाप मजुरीला गेल्यामुळे धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गात बसणाऱ्या, एका हाताने त्याला थोपटीत दुसऱ्या हाताने गणित सोडविणाऱ्या मुलीच्या वाट्याला ‘उपस्थितीत सुधारणा आवश्यक’ एवढाच शेरा येतो. दोष त्या शिक्षकाचा नाही. जो गुण प्रसंगावाचून प्रकट होत नाही, त्याचा हिशेब दप्तरात मागणे हीच मूळची चूक होय. त्यातही शेऱ्यासाठी दाखविलेला चांगुलपणा पाहणारा दूर होताच गळून पडतो, आणि मूल सद्वर्तनाऐवजी त्याचे प्रदर्शन तेवढे शिकते.

माझा सिद्धान्त असा की, शाळेच्या नित्य व्यवहाराला ज्या गुणावाचून चालतच नाही, तोच गुण विद्यार्थ्यांत रुजतो. याचा सर्वांत भक्कम दाखला आपल्याच मातीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. ज्या काळी पाणवठेही जातीजातींनी वाटलेले होते, त्या काळी तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, हाताने स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवत. मुलांच्या अन्नाची भ्रांत पडली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही मोडले. त्या मुलांना समतेवर व्याख्यान ऐकविण्याची गरज किती उरली असेल? शेजारच्याने थापलेली भाकरी खाताना समता त्यांच्या अंगवळणी पडत होती. पुढे 1947 मध्ये निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व प्रत्यक्षात आले आणि शेतात राबून शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला श्रमाची लाज वाटेनाशी झाली.

यावर कोणी म्हणेल, वसतिगृहाची गोष्ट निराळी. दुपारी सुटणाऱ्या शाळेला हे कसे साधावे? साधनांचा तोटा तेथेही नाही. पोषण आहाराची पंगत वरच्या वर्गांनी वाढावी आणि मागाहून जेवावे. वाचनालयाच्या किल्ल्या मुलांकडे असाव्यात. सहलीचा जमाखर्च त्यांनी लिहून सर्वांसमोर वाचावा. वर्गातील तक्रार प्रथम वर्गाच्या सभेत ऐकली जावी. पथ्य एकच, पण ते कडक आहे: काम पाळीने असावे, मुलगा-मुलगी, सधन-निर्धन असा भेद त्यात नसावा, शिक्षकाचीही पाळी त्यात यावी, आणि शिक्षा म्हणून कोणाच्याही हाती झाडू देऊ नये. हे पथ्य मोडले की श्रमप्रतिष्ठेच्या नावाखाली जुनी गुलामगिरीच शाळेत शिरते.

म्हणून भिंतीवरची नामावली पुसावी असे मी म्हणत नाही. प्रत्येक नावापुढे मुख्याध्यापकांनी स्वतःस विचारावे की, आमच्या शाळेच्या दिनक्रमात हा गुण नेमका कोठे लागतो, आणि तो नसला तर कोणाचे काय अडते? तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यानेही हाच सवाल करावा, आणि तो शाळेला करावा, मुलाला नव्हे. गुणांचे उत्तरदायित्व मुलाच्या प्रगतिपत्रकावर टाकून शाळेला मोकळे होता येणार नाही. आपल्या रोजच्या व्यवस्थेने त्या गुणांना वाव देणे, हे तिचे पहिले कर्तव्य आहे.