मैदान आपलं, खुर्ची कोणाची?

नागपूर आणि फुटबॉल म्हटलं की आता लोकांना 'झुंड' आठवतो. नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये विजय बारसे सरांच्या कामावरून हा सिनेमा केला, त्यात भीमजयंतीही दिसली आणि आपल्या वस्त्यांतल्या पोरांची छाती फुगली. बारसे सरांच्या कामाबद्दल आम्हाला आदरच आहे. पण सक्करदऱ्यात राहणारे आम्ही एक प्रश्न विचारतो. वस्तीतली पोरगी किती दिवस फक्त खेळाडूच राहणार? ती प्रशिक्षक कधी होणार? आणि पैसा कुठे खर्च करायचा हे जिथे ठरतं, त्या क्लबच्या कार्यालयात ती कधी बसणार?

हे अशक्य नाही. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लजजवळच्या बेकनाळ गावच्या अंजू तुरंबेकर खेळाडू होत्या. पुढे त्यांनी प्रशिक्षकाचा एएफसी 'ए' परवाना मिळवला, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ग्रासरूट विभागाच्या प्रमुख झाल्या आणि नंतर गोव्याच्या डेम्पो क्लबमध्ये युवा विकासाची जबाबदारी सांभाळली. खेड्यातली मराठी मुलगी मैदानातून कार्यालयापर्यंत जाऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिलं.

आता जगाकडे बघू. जिल एलिस यांनी अमेरिकेच्या महिला संघाला २०१५ आणि २०१९ असे सलग दोन विश्वचषक जिंकून दिले. २०२१ मध्ये त्या सॅन दिएगो वेव्ह क्लबच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२४ अखेर थेट फिफामध्ये मोठ्या पदावर गेल्या. लोक म्हणतील, बघा, ही गुणवत्ता! थांबा. एलिस यांचा जन्म इंग्लंडचा. तिथल्या फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये बायकांना आपल्या मैदानांवर बंदी घातली, ती जवळपास पन्नास वर्षं टिकली. त्यामुळे लहानपणी एलिस यांना मुलींचा संघच मिळाला नाही. १९८१ मध्ये कुटुंब अमेरिकेत गेलं. तिथे १९७२ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत लिंगभेदाला मनाई केली होती, म्हणून मुलींचे संघ उभे राहिले होते. मुलगी तीच, पाय तेच. बदलला तो देश आणि कायदा. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आपल्याला हे नवीन नाही. २० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, हा विचार बाबासाहेबांनी तिथे मांडला. मग आपल्या पोरींची प्रगती फक्त पदकांवर मोजायची का? निर्णयाच्या खुर्चीवर का नाही?

२०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रीडा महासंघांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला असणं बंधनकारक केलं. त्याचं स्वागत. पण त्या चार महिला कोणत्या घरांतून येणार? अनुसूचित जाती-जमातींच्या प्रतिनिधित्वाबद्दल कायदा गप्प आहे. राखीव जागा नसली की खुर्ची ओळखीच्या घरातच फिरते, हा आपला जुना अनुभव आहे. ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

पण मागणीपुरतं थांबून चालणार नाही. प्रशिक्षकाची वाट 'डी' परवान्यापासून सुरू होते, मग 'सी', 'बी', 'ए'. पहिल्याच पायरीला फी, प्रवास आणि घरच्यांची परवानगी आडवी येते. 'पोरगी खेळून काय करणार?' असं विचारणारे आपल्याच घरात आहेत, हेही मान्य करू.

म्हणून सक्करदऱ्यातल्या आणि आसपासच्या जयंती मंडळांना आमचं सांगणं आहे. १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेची एक रात्र कमी करा आणि वस्तीतल्या दोन मुलींच्या 'डी' परवान्याचा खर्च उचला. परवाना मिळाला की त्यांनाच मंडळाच्या क्रीडा समितीवर घ्या, हिशेबाची वही त्यांच्या हाती द्या. आपल्याच मंडळात पोरींना खुर्ची मिळत नसेल, तर महासंघाकडे ती कोणत्या तोंडाने मागायची?

जय भीम!